पाकिटातलं पान

लांजा तालुका, १४ नोव्हेंबर २०२४

संघप्रिया,

जयभीम. भुरी पोचल्याचा निरोप पोस्टातल्या अंबिकाने सांगितला. तिच्या फोनवर कळवलंस ते बरं केलंस. पण अंबिका आमच्या वाडीत बुधवारी आणि शनिवारीच येते, आणि मी फोन कानाला लावला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं. तेव्हा लिहीत जा. शेजारच्या दशरथच्या फोनवर मुळीच करू नकोस. मांजर त्याच्या भीतीने भाईंदरला पाठवलं हे त्याला कळायला नको.

तू तिला घेऊन गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पवारांचा बोका मेला. भर दुपारी अंगणात येऊन पडला. तोंडाला फेस. दशरथच्या कोंबडीची पिल्लं मांजरं नेतात, म्हणून तो माशाच्या डोक्यात उंदराचं औषध भरून कुंपणाला ठेवतो. सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. मी बोलले तर म्हणाला, "मुक्ताबाई, तुमचं मांजर बांधून ठेवा." मांजर कधी कुणी बांधलं आहे?

तिला बांगडा उकडून दे, मीठ घालू नकोस. दूध नको, पचत नाही. पलंगाखाली बसली तर ओढून काढू नकोस.

पाकिटाच्या पाठीवर लिहिलं आहे तसं केलंस ना? दोन दिवस ते तिच्या गोणपाटात ठेवलं होतं. वास ओळखेल.

आत पानफुटीची सहा पानं आहेत, जितेशच्या मुतखड्यासाठी. सकाळी उपाशीपोटी दोन पानं चावून खायची, वर तांब्याभर पाणी. तुझ्या आतोबांचा खडा याच पानांनी पडला होता. एखादं पान मातीवर टाकून ठेव. कडेने रोपं फुटतात.

सहा वर्षं ती माझ्या पायाशी झोपली. माझ्याकडे आता तीच आहे. सांभाळ.

मुक्ता


खारी, भाईंदर पूर्व, २३ नोव्हेंबर २०२४

आत्या,

पत्र काल मिळालं. सोसायटीच्या पेटीत वीजबिलाखाली होतं. पाठीवर "आधी भुरीला" लिहिलेलं वाचून जितेश म्हणाला, "बघ, आपलं नाव दुसरं."

बारा दिवस ती पलंगाखाली होती. आम्ही झोपलो की खायची. पाकीट जमिनीवर ठेवलं आणि मी बाजूला झाले. ती आली. आधी गाल घासला, मग पाकिटावर आडवी झाली आणि कोपरा चावत बसली. मी थांबवलं नाही. नंतर तिने पहिल्यांदा माझ्यासमोर बांगडा खाल्ला. जितेश दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "च्यायला, मांजर पण पत्र वाचतंय."

पाच पानं अख्खी निघाली. सहाव्याचा कोपरा तिने कातरला होता, ते टाकून दिलं. एक पान फुटक्या कपात माती घालून किचनच्या खिडकीत ठेवलंय. बाकी जितेशने सुरू केली. तोंड वाकडं करतो पण खातो.

आज सकाळी तिने दोनदा उलटी केली. जितेशला वाटतं मनी प्लांटमुळे. हॉलच्या ग्रिलमध्ये त्याच्या तेरा कुंड्या आहेत, तू पाहिलेल्या नाहीस. मनी प्लांट आमच्या भाड्याच्या खोलीपासूनचा आहे. पडद्याच्या दांडीवरून दरवाजापर्यंत गेलाय. त्याची दोन पानं कुरतडलेली दिसली.

दुपारनंतर ती बरी आहे. काळजी करू नकोस.

संघप्रिया


लांजा तालुका, १ डिसेंबर २०२४

संघप्रिया,

काळजी करू नकोस असं लिहिलं की माणूस काळजीच करतो. उलटीत केस होते का? मांजर गवत खाऊन केस टाकतं, ते चांगलं. केस नसतील तर चांगलं नाही. ते लिहायचं होतंस.

घरातल्या झाडांची यादी पाठव. शोभेच्या झाडांचा मला भरवसा नाही. नर्सरीतून येतात, नाव इंग्रजी, गुण कुणाला माहीत नाही. अंगणवाडीत पोरं काय तोंडात घालतात हे बघण्यात माझी तीस वर्षं गेली. कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज, सगळं मी कुंपणावरून स्वतः उपटून काढलं होतं. एका पोराला कधी काही झालं नाही. झाडांच्या बाबतीत मला शिकवायला कुणी येऊ नये.

इथे आणखी एक मांजर गेलं, शाळेजवळचं. दशरथने दहा नवी पिल्लं आणली आहेत. काल मला विचारत होता, "तुमची भुरी दिसत न्हाय हल्ली?" मी म्हटलं, "आहे घरात." तो म्हणाला, "बरं हाय."

पानं आठ ठेवली आहेत. पाठीवर तेच लिहिते.

मुक्ता


खारी, १४ डिसेंबर २०२४

आत्या,

केस नव्हते.

तुझं पत्र नऊ तारखेला आलं. आता ती पोस्टाचा वास ओळखते. पाकीट हातात दिसलं की पायात येते. त्या दिवशी तासभर ते घेऊन बसली. दहाला सकाळपासून उलट्या, तोंडातून लाळ, आणि भिंतीला डोकं टेकून बसून राहिली. हाक मारली तर कान हलले, मान नाही. मी ऑफिसला कळवलं आणि रिक्षाने मीरा रोडला नेलं. डॉक्टर दिव्या म्हणून आहेत, तरुण आहेत, हात चांगला आहे. सलाईन लावलं. मग विचारलं, "घरात प्लांट्स आहेत? प्रत्येकाचा फोटो पाठवा."

मी तेरा फोटो पाठवले. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. मनी प्लांट, स्नेक प्लांट, डिफेनबेकिया, कोरफड, पीस लिली, हे सगळं आउट. मनी प्लांटने तोंडाची आग होते, उलट्या होतात, सहसा जीव जात नाही. पण पुष्पगुच्छातली मोठी लिली घरात कधीच आणायची नाही. तिचा पराग अंगावर पडून मांजराने चाटला तरी दोन दिवसांत किडनी जाते. कुत्रा असेल तर सायकस पाम नको. त्यांनी एक यादी फोनवर पाठवली, विषारी एका बाजूला, चालणारी दुसऱ्या. मी ती प्रिंट काढून फ्रिजवर लावली आहे.

जितेश काही बोलला नाही. नऊ कुंड्या खाली नेल्या. मनी प्लांट दांडीवरून सोडवायला त्याला दीड तास लागला, कारण तो कापायला तयार नव्हता. शेवटी वॉचमन लवूच्या केबिनवर तो पसरून दिला. लवू म्हणाला, "साहेब, पैसा माझ्या दारात सोडून चाललात." जितेश हसला नाही.

आज घोडबंदरला नर्सरीत गेलो. मी यादी धरून एकेक नाव विचारत होते. नर्सरीवाला वैतागला. म्हणाला, "मॅडम, सब सेफ है. मेरी बिल्ली तो यहीं सोती है, गमलों में." जितेशने विचारलं, "किधर है बिल्ली?" तो म्हणाला, "पिछले महीने मर गई."

शेवटी अरेका पाम, स्पायडर प्लांट, दोन नेचे आणि मोगरा घेतला. ही यादीत चालणाऱ्या बाजूला आहेत. एका ट्रेमध्ये गहू पेरलेत, गवत तिला खायला. आता घरात विषारी एकही पान नाही. मी खात्री केली आहे.

संघप्रिया


लांजा तालुका, २१ डिसेंबर २०२४

संघप्रिया,

यादी वाचली. उलट्या थांबल्या का ते लिहिलेलं नाही.

मला एक विचारायचं आहे, आणि ते सरळ विचारते. तू सकाळी आठला घर सोडतेस. जितेशची दुपारची पाळी. म्हणजे सकाळभर भुरी आणि तो, दोघंच. तू तिला न्यायला आलीस तेव्हा तो गाडीतून खाली उतरला नव्हता. काचेतून म्हणाला होता, "सगळीकडे केस होतील." आता त्याची सहा वर्षांची झाडं तिच्यामुळे गेली. तू लिहितेस तो काही बोलला नाही, हसला नाही. न बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. पिल्लं जाईपर्यंत दशरथही बराच होता.

मी कुणावर आळ घेत नाही. तू लक्ष ठेव, एवढंच.

पानं या खेपेलाही आहेत, सहा. औषध रागावर थांबवत नाहीत.

मुक्ता


खारी, १ जानेवारी २०२५

आत्या, जयभीम.

मी जितेश. शाळेनंतर मराठीत पत्र पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर समजून घ्या.

तुमचं पत्र संघप्रियाने मला दाखवलं नाही. भुरीजवळ जमिनीवर पडलं होतं, मी उचललं आणि वाचलं.

मला मांजर आवडत नाही. खोटं बोलणार नाही. केस सगळीकडे होतात, झालेत. सकाळी संघप्रिया गेली की भुरी माझ्या पायावर येऊन बसते. मग मी पाय हलवत नाही. चहा गार होतो. उलटी झाली तर मी पुसतो, कारण घरी मी असतो. कुठल्या रंगाची होती ते वहीत लिहून ठेवतो, डॉक्टरांनी सांगितलंय. वही पाहिजे तर पाठवतो.

झाडं गेली त्याचं वाईट वाटलं. पण झाडं लवूकडे जिवंत आहेत, मी येता-जाता पाणी घालतो. तुमच्या दशरथशी माझं नाव जोडलंत त्याचं जास्त वाईट वाटलं.

आज मी कोरेगावला जातो, दरवर्षी. बारा वर्षांत चुकवलं नव्हतं. या वर्षी नाही गेलो. २८ तारखेला तिला परत उलट्या झाल्या, लाळ गळत होती. संघप्रियाला आज सुट्टी नाही. एकटीला ठेवता येईना.

आता विषारी झाड घरात एकही नाही. जेवण तेच, पाणी उकळलेलं. मला पण काय ते कळत नाही. इमारतीत कुणी काही टाकतं का म्हणून जिने बघून आलो. काही नाही.

तुमची पानं आली की खातो. खडा आहे तिथेच आहे, सहा एमएम. उरलेली, मऊ पडलेली पानं कुंड्यांत टाकतो, खत होईल म्हणून.

मी तिला काही घातलेलं नाही.

जितेश


लांजा तालुका, ८ जानेवारी २०२५

जितेशराव,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. वही पाठवू नका. कोरेगाव चुकवून जो माणूस मांजराजवळ बसला त्याच्याकडून मला दुसरा पुरावा नको. माझं चुकलं. म्हातारपणी माणूस लांबून बघतो आणि त्याला वाटतं आपल्याला स्पष्ट दिसतंय.

भुरीचं काय होतंय ते मलाही कळत नाही. मला वाटतं तिला घराची आठवण येते. जनावर झुरलं की अन्न टाकतं. शक्य असतं तर मी तिला घेऊन आले असते, पण दशरथच्या कुंपणाला अजून डोकी ठेवलेली असतात. मोजते मी. काल तीन होती.

परसातल्या पानफुटीला फुलं आली आहेत. लांब दांडा आणि खाली घंटा लटकतात. भुरी लहान असताना त्या पंज्याने हलवत बसायची. खाल्ली कधी नाहीत, नुसती झुलवायची. एक तुरा पाकिटात ठेवला आहे. तो तुमच्यासाठी नाही. तिला द्या. ओळखेल.

संघप्रियाला सांगा, आत्या रागावलेली नाही. तिने रागावू नये.

मुक्ता


खारी, २० जानेवारी २०२५

आत्या,

उशीर झाला. भुरी चार दिवस दवाखान्यात होती. काहीतरी खाण्यात आलं असावं, डॉक्टर म्हणतात नक्की सांगता येत नाही. काल घरी आणली. अशक्त आहे, पण डोळे उघडे ठेवते. अजून आठवडा जपायचं आहे.

तुरा मिळाला. छान होता.

एक सांगायचं होतं. यापुढे पाकीट पाठवू नकोस, पोस्टकार्ड लिहीत जा. पाकिटं इथे उशिरा मिळतात. आणि जितेशसाठी पानं नकोत. त्याला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, दोन्ही एकत्र नको म्हणाले. तू पाठवलीस ती खूप झाली.

तुझी तब्येत कशी आहे? यंत्राची बॅटरी बदललीस का?

संघप्रिया


पोस्टकार्ड. २९ जानेवारी २०२५

संघप्रिया. पोस्टकार्ड म्हणालीस, पोस्टकार्ड लिहिते. अंबिका वाचेल. वाचू दे. तुमची पत्रं समोर ठेवून तारखा काढल्या. पाकीट २२ ला, उलटी २३ ला. पाकीट ९ ला, उलटी १० ला. तिसरं पाकीट नाताळानंतर पोचलं असेल, उलटी २८ ला. मग तुरा, आणि दवाखाना. आता पाकीट नको, पानं नको. मी सात वर्षांची असताना आमची शेळी मेली. तिच्या तोंडात पानफुटी मी बघितली होती. आई म्हणाली, दुसरं काही खाल्लं असेल, हे तर औषध आहे. मी तेच धरून बसले. साठ वर्षं. खरं काय ते लिही. मुक्ता


खारी, ५ फेब्रुवारी २०२५

आत्या,

खरं लिहिते.

तुरा पंधरा तारखेला आला. जितेशची सुट्टी होती. त्याने तुझं पत्र वाचलं आणि मला ऑफिसात फोन केला. आवाज वेगळा होता. म्हणाला, "आत्याने सॉरी म्हटलंय." मग तुझ्या सांगण्याप्रमाणे तुरा भुरीपुढे ठेवला. तिने आधी पंज्याने हलवला. तो बघत बसला. त्याला वाटलं, बरं वाटतंय तिला. तो अंघोळीला गेला. बाहेर आला तेव्हा दांडा उरला होता.

तासाभरात ती आडवी झाली. त्याने रिक्षा केली, मी ऑफिसातून थेट गेले. डॉक्टर दिव्यांनी छातीला नळी लावली आणि घड्याळ बघत राहिल्या. मांजराचे ठोके मिनिटाला दीडशेच्या वर असतात. तिचे नव्वद होते, आणि मध्ये थांबत होते. त्यांनी विचारलं, "आज काय वेगळं खाल्लं?" जितेशने खिशातून दांडा काढून टेबलावर ठेवला.

त्यांनी फोनवर फोटो शोधला आणि आमच्यापुढे धरला. हीच फुलं. याचा विषार हृदयावर जातो, फुलांत सगळ्यात जास्त. जितेश म्हणाला, "अहो, मी पण खातो हे." त्या म्हणाल्या, "तुम्ही सत्तर किलोचे आहात. ही तीन. आणि तुम्हीही बंद करा."

आत्या, ते यादीत होतं. फ्रिजवर, विषारी बाजूला, अकरावं. कलांचो असं लिहिलंय, पानफुटी त्याच कुळातली, आणि शेजारी लाल फुलांच्या छोट्या कुंडीचा फोटो आहे, दुकानात मिळते तसली. मी त्या ओळीवरून कितीदा बोट फिरवलं. किचनमधल्या कपाचा फोटो मी डॉक्टरांना पाठवलाच नव्हता. तेरा फोटो पाठवले, चौदावा नाही. ते माझ्या डोळ्याला झाड दिसलंच नाही. ते औषध होतं, तू पाठवलेलं.

घरी येऊन आम्ही कुंड्या बघितल्या. जितेशने टाकलेल्या पानांना कडेने रोपं फुटली होती. स्पायडर प्लांटमध्ये तीन, नेच्यात एक, अरेकाच्या मुळाशी पाच. गव्हाच्या ट्रेमध्येसुद्धा एक. निवडून निवडून आणलेल्या झाडांत. जितेशने सगळी माती पिशव्यांत भरली, तोंड बांधलं आणि टाकून आला. झाडं धुऊन नव्या मातीत लावली.

पहिली रात्र डॉक्टर म्हणाल्या सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी ठोके एकशे दहा. चौथ्या दिवशी तिने मला ओरबाडलं, तेव्हा म्हणाल्या, घेऊन जा.

मी तुला लिहिलं नाही, कारण तुझं पहिलं पत्र माझ्याजवळ आहे. माझ्याकडे आता तीच आहे, असं त्यात आहे. तुझ्याच हातून असं झालं हे तुला कसं कळवायचं? जितेश म्हणाला, "तिला माझ्यावर शंका आली तेव्हा तिने सरळ लिहिलं. तू पण सरळ लिही." मी ऐकलं नाही. तुझं कार्ड आलं तेव्हा त्याने ते माझ्यासमोर ठेवलं आणि पेन दिलं.

भुरी आज खिडकीत बसली आहे. हाडं हाताला लागतात. पण बसली आहे. पोस्टमनची शिट्टी झाली की अजून दाराशी जाते. परवा कार्ड तिच्यापुढे ठेवलं. तिने हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. कार्डाला कसलाच वास नव्हता.

संघप्रिया


लांजा तालुका, १८ फेब्रुवारी २०२५

संघप्रिया, जितेशराव,

पत्र बुधवारी मिळालं. अंबिकाने हातात दिलं आणि उभी राहिली. मी वाचून होईपर्यंत गेली नाही. मग म्हणाली, "आहे ना?" मी म्हटलं, "आहे."

परसातली पानफुटी मी त्याच दिवशी उपटली. वाटलं होतं, तासाभराचं काम आहे. न्हाणीच्या मागे, चुलीच्या राखेत, पायरीच्या फटीत, जिथे पान गळलं तिथे रोप आहे. रोज सकाळी एक-दोन नवी दिसतात. रोज काढते. इतकी वर्षं मी लोकांना देत होते, टाक कुठेही, येतं. खरंच येतं.

शनिवारी दशरथकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. भुरी कुठे आहे ते, का पाठवली ते, आणि मी काय केलं ते. तो पिल्लांना कणी टाकत होता. म्हणाला, "तुम्ही काय मुद्दाम न्हाय केलात." मी म्हटलं, "नाही. तू मुद्दाम करतोस. मेलेल्या मांजराला त्यात काय फरक?" त्याने उरलेली कणी टाकली. मी कुंपणाजवळून परत आले. दोन डोकी होती. काल एक होतं. आज अजून बघितलं नाही.

भुरीला इतक्यात आणू नका. त्याचं कुंपण आणि माझं परस, दोन्ही साफ व्हायला एक पावसाळा जाईल. पावसानंतर एकही रोप वर आलं नाही तर मग बघू. तोवर तिला तुमच्या पायावर बसू द्या, जितेशराव. चहाचं मला वाईट वाटतं.

गोळ्यांचं खोटं होतं ना? सोनोग्राफी करून घ्या. खड्याला माझं औषध नको.

संघप्रिया, तू लपवलंस म्हणून मी रागावले नाही. माझ्या आईने शेळीचं लपवलं होतं, ते मला बरं वाटलं होतं. बरं वाटतं, तेच वाईट आहे.

हे कार्ड नाही, पाकीट आहे. हात साबणाने दोनदा धुतले. पाकीट नवीन आणलं आणि तीन दिवस तिच्या गोणपाटात ठेवलं. गोणपाट आधी उन्हात झटकून, पालथं करून, एकेक धागा बघून घेतलं होतं. डिंक लावायच्या आधी पाकीट उजेडात धरून पाहिलं. आत हा कागद आहे, दुसरं काही नाही. पुन्हा पाहिलं. नाही.

पाठीवर नेहमीचंच लिहिलं आहे.

मुक्ता